घरातल्या शाळेचा न मोजलेला शीण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांचे नवे वर्गीकरण मंजूर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. ज्याला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात, म्हणजे सततच्या ताणाने माणसाचे आतून करपून जाणे, त्याची या वर्गीकरणात नोंद आहे. नोंद करताना संघटनेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी ती एक अवस्था आहे. दोन, ही संज्ञा नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच वापरावी, आयुष्याच्या इतर क्षेत्रांना ती लावू नये. म्हणजे गिरणीतला कामगार करपू शकतो, इस्पितळातली परिचारिका करपू शकते, शाळेतला मास्तर करपू शकतो; घरात बसून पोटच्या मुलाला शिकवणारी आई मात्र या व्याख्येप्रमाणे करपू शकत नाही. ती फार तर दमते. आणि दमणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे, असे म्हणून समाज मोकळा होतो.

या शब्दाचा उगम पाहिला तर ही मर्यादा अधिकच विचित्र वाटते. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. ही माणसे पगारासाठी राबत नव्हती. ध्येयापोटी आलेली, रात्री उशिरापर्यंत थांबणारी, 'नाही' म्हणणे अपराध मानणारी अशी ती मंडळी होती; आणि साधारण वर्षभरात तीच चिडखोर, उदास व हाती घेतलेल्या कामालाच विटलेली दिसू लागली. चळवळीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला हे चित्र परके वाटू नये. बिनपगारी श्रमांत ज्या थकव्याचा शोध लागला, त्याची अधिकृत नोंद मात्र पुढे पगारी श्रमांपुरती उरली. अर्थशास्त्राच्या इतिहासात हे नवे नाही. ज्या श्रमाला मजुरी नाही तो श्रमच नव्हे, हा हिशेब जुना आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरी शिकवणारे पालक आहेत तरी कोण, असा प्रश्न कुणी करील. 'घरशिक्षण' म्हटले की पुण्या-मुंबईकडचे सुशिक्षित जोडपे डोळ्यांपुढे येते. शाळेच्या घोकंपट्टीला कंटाळून त्याने मुलाला घरीच वाढवायचे ठरवलेले असते. अशी कुटुंबे आहेत आणि त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात आणि माण-खटाव-आटपाडी-जतच्या माळावर घरशिक्षण बहुधा हौसेने आलेले नाही. ते लादले गेले आहे, आणि लादले गेल्याचे कुणी मान्यही करीत नाही.

सर्वांच्या स्मरणात असलेले उदाहरण महामारीचे. मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे घोषवाक्य शासनाने काढले. घोषवाक्य म्हणून ते चांगले होते. पण शाळा बंद असताना ते शिक्षण कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर प्रत्येक घराने आपापल्या परीने शोधले आणि जवळजवळ प्रत्येक घरात ते एकच निघाले. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात प्रत्यक्ष भरू लागले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे वीस महिने ज्या मुलांना अक्षर गिरवायला बोट धरणारा माणूस लागतो, तीच मुले सर्वांत जास्त काळ घरी राहिली. घरात मोबाईल एक आणि मुले दोन किंवा तीन. तो मोबाईलही वडिलांच्या खिशात, म्हणजे दिवसभर रानात किंवा कामावर. याच काळात, जुलै २०२१ मध्ये, कृष्णेला महापूर आला आणि पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. त्या दिवसांत कोणत्या आईने कोणता धडा कसा पुरा केला, याची दप्तरी नोंद कुठेही नाही.

शाळा उघडल्या आणि समाजाने हा अध्याय मिटला. घरातली शाळा मात्र सर्वांसाठी मिटली नाही. जिथे वाडी लहान आणि शाळा दूर, तिथे ती चालूच आहे. जावळी तालुक्यात कोयना जलाशयाच्या काठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवीत आणि पुढे जंगलातून पायी शाळेला जात होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्याला त्या गावाचे नाव कळले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीतून शाळा उठली की मूल दूरच्या शाळेत जाईल, हा कागदावरचा हिशेब असतो. पावसाळ्यात ओढा भरला, गाडी आली नाही, मूल तापाने पडले, की तो दिवस घरातच जातो. अशा दिवसांची बेरीज करायला कुणी बसत नाही.

या सर्वांहून बिकट अवस्था ज्यांची आहे त्या पालकांविषयी तर आपल्या सभांमधूनही क्वचितच बोलले जाते. २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क या दुरुस्तीने दिला. हेतू उदात्त होता. जे मूल उठून बसू शकत नाही, त्याला शाळेच्या पायरीवर आणून सोडण्यात कसला हक्क? पण हक्क मुलाला मिळाला आणि काम आईला मिळाले. तालुक्यातून विशेष शिक्षक घरी येतो, तो ठरावीक दिवशी. त्याच्याकडे मुले अनेक आणि गावे लांबलांब. शिवाय हे शिक्षक स्वतःच वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेले. तो गेल्यानंतर उरलेले सर्व दिवस भरवणे, न्हाऊ घालणे, अंग हलवून व्यायाम देणे, चित्र दाखवून नाव वदवून घेणे हे सारे एकाच स्त्रीवर येऊन पडते. या शाळेला दिवाळीची सुट्टी नाही, मे महिना नाही, निवृत्तीचे वय नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मदतनिसासाठी भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. कायद्याच्या पुस्तकातून ती तरतूद घराच्या उंबऱ्यापर्यंत येण्यास किती अवधी लागतो, हे ज्या कार्यकर्त्यांनी संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत खेटे घातले आहेत त्यांना सांगावयास नको.

या माउलीला, किंवा महामारीतल्या आईला, किंवा हौसेने घरी शिकवणाऱ्या शहरी पालकाला, थकव्यावर जो सल्ला मिळतो तो मात्र सर्वत्र सारखा असतो. स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा. पहाटे उठून ध्यान करा. वेळापत्रक आखा. विचार सकारात्मक ठेवा. हे सल्ले अगदीच निरर्थक आहेत असे नव्हे. झोप आणि विसावा यांना पर्याय नाही, आणि थकव्याने जर खिन्नता, अन्नद्वेष, जिवाला कंटाळा असे रूप घेतले तर डॉक्टरकडे जाण्यात संकोच करू नये. पण ज्या बाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो तिला पहाटे चारला उठून ध्यान करावयास सांगणे म्हणजे थकव्यावर उपाय म्हणून आणखी एक काम देणे होय. ओझे पाठीवर तसेच ठेवून पाठ बळकट करण्याचे व्यायाम शिकवावेत, तसला हा प्रकार आहे.

ओझ्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे, असे तीत दिसले. २०२४ साली पाहणी पुन्हा झाली. स्त्रीची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषाची ८८. दोघांचेही काम थोडे हलके झाले. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला. पण दोघांमधले अंतर २०२ मिनिटांचे होते ते २०१ झाले. पाच वर्षांत एक मिनिट! या गतीने समतेला किती शतके लागतील, हे त्रैराशिक शाळकरी मूलही मांडील. शिवाय मुलांचा अभ्यास घेणे या आकड्यांत धरलेले नाही. ते 'काळजी घेण्याच्या' वेगळ्या सदरात मोडते आणि तेथेही २०२४ ची आकडेवारी स्त्रीची १३७ मिनिटे आणि पुरुषाची ७५ मिनिटे अशीच आहे.

ज्या वस्तूला दर नाही, तिचा उपसा बेसुमार होतो, हे दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. जमिनीखालचे पाणी फुकटचे मानले गेले. बोअर दोनशे फुटांवरून पाचशे फुटांवर गेले, आणि एके दिवशी पंप नुसती हवा ओढू लागला. आईच्या वेळेचेही तसेच झाले आहे. शाळेने गृहपाठ वाढवला, तो आईने घेतला. शिकवणीची फी परवडेना, ती जागा आईने भरली. शासनाने शिक्षकाचे पद रिक्त ठेवले, त्याचीही भरपाई आईनेच केली. प्रत्येक वेळी निर्णय करणाऱ्याला तो फुकट पडला, म्हणून तो पुन्हा करण्यात आला. आणि पंप हवा ओढू लागला की दोष विहिरीला देतात: 'हिची सहनशक्तीच कमी', 'हिला मुलांची आवड नाही'. बाईलाही मग तसेच वाटू लागते. ज्या मुलासाठी जीव टाकला त्याच्याविषयी मनात कोरडेपणा येतो, आपण पूर्वी अशा नव्हतो याची खंत वाटते, आणि त्या खंतीपायी ती आणखी जोमाने राबते. करपण्याची ही शेवटची पायरी असते.

सातारा-सांगलीला हा प्रश्न अपरिचित असण्याचे कारण नाही. १९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता, आणि महाराष्ट्रातील बहुजनांच्या शिक्षणाचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात, एका घराच्या स्वयंपाकघरातून उभा राहिला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतले हे बोर्डिंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. या मुलांना प्रारंभी आई म्हणून जी स्त्री लाभली, त्या लक्ष्मीबाई पाटील. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी महार, मराठा, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका चुलीवरचे अन्न वाढले. पैसा संपला तेव्हा अंगावरचे दागिने विकले, आणि एका प्रसंगी मुलांच्या जेवणासाठी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. बोर्डिंगला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या भाषणांत ते मंगळसूत्र येते. येणे योग्यच आहे. पण दागिना एकदाच देता येतो; चूल दररोज पेटवावी लागते. त्या सहा वर्षांत किती भाकऱ्या थापल्या गेल्या, किती आजारी पोरांच्या उशाशी रात्री गेल्या, आपल्या पोटच्या लेकरांच्या वाट्याला आई किती आली, यावर भाषण होत नाही. त्यांचा अंत श्रमांनी झाला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. आवश्यकता आहे ती त्यानंतर काय घडले हे पाहण्याची. लक्ष्मीबाईंसारखी दुसरी बाई शोधून तिच्या खांद्यावर तेच ओझे ठेवणे, हा एक मार्ग होता. रयतेने वेगळा मार्ग धरला. मुले स्वतः दळू-कांडू लागली, पाणी भरू लागली, बागेत आणि शेतात राबू लागली. गावोगावचे लोक धान्य देऊ लागले. 'कमवा आणि शिका' या योजनेने पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूलचे रूप घेतले. या योजनेचे वर्णन स्वावलंबनाचा धडा म्हणून केले जाते. पण तिच्याकडे घरकामाच्या वाटणीचा एक प्रयोग म्हणूनही पाहता येते. एका बाईने जे काम केले, ते शेकडो हातांनी वाटून घेतले, म्हणून ती संस्था टिकली. कर्मवीरांच्या चरित्राचा हा भाग अद्याप पुरेसा वाचला गेलेला नाही.

वर्तमानात याच्या जवळ जाणारा प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात झाला आहे. मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ग्रामसभेत निर्णय केला. रोज सायंकाळी सात वाजता गावातल्या देवळावरचा भोंगा वाजावा, घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद व्हावेत, आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा. महामारीत हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, हे त्याचे निमित्त. प्रारंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने झालेल्या या उपक्रमाची दखल परदेशी वृत्तसंस्थांनीही घेतली.

भोंग्याची थट्टा करणारे पुष्कळ भेटतील. कुणाला त्यात हुकूमशाहीचा वास येतो. पण भोंग्याने नेमके काय केले ते पाहिले पाहिजे. 'मोबाईल ठेव आणि पुस्तक घे' हे वाक्य रोज संध्याकाळी प्रत्येक घरात एका बाईला पाच-पंचवीस वेळा म्हणावे लागत होते. मुलाशी भांडण तिचे, सासूचा रोष तिला, नवऱ्याची 'पाहू दे की थोडा वेळ' ही उदारताही तिच्याच माथी. ते वाक्य आता गाव म्हणते. आईचा आवाज खर्ची पडत नाही. शेजारच्या घरातही संच बंद आहे, तेव्हा मुलाला तक्रारीस जागा नाही. घरशिक्षणातला सर्वांत झिजवणारा भाग शिकवण्याचा नसतो, शिकायला बसवण्याचा असतो; आणि तो भाग गावाने उचलला.

एवढे मान्य करून एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. भोंग्याने संच बंद होतो. चूल बंद होत नाही. सात ते साडेआठ ही शेतकरी घरात स्वयंपाकाची वेळ. धारा काढून झालेल्या असतात, भाकरी तव्यावर असते. त्या दीड तासात मुलाशेजारी कोण बसते? मालिका पाहण्याचा आपला एकमेव विरंगुळा स्त्रियांनी सोडला, याचे कौतुक झाले. पुरुषांनी पारावरची बैठक त्या दीड तासापुरती सोडली काय, हा प्रश्न विचारला गेल्याचे वाचनात नाही. प्रयोग चांगला आहे म्हणूनच तो पुढे न्यावयास हवा. नुसत्या शांततेची हमी पुरेशी नाही, माणसाची हमी हवी.

येथे कुणी म्हणेल, की पूर्वी एकत्र कुटुंब होते, आजी होती, चुलती होती. ते मोडले म्हणून ही पाळी आली. यात तथ्य आहे, पण अर्धेच. बेल्जियममधील लूव्हें विद्यापीठाच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या संशोधिकांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह ४२ देशांतील सतरा हजारांहून अधिक पालकांची पाहणी केली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. पालकपणाच्या ओझ्याने करपून जाण्याचे प्रमाण व्यक्तिवादी समाजांत ठळकपणे अधिक आढळले. देशादेशांतील आर्थिक विषमतेपेक्षाही या व्यक्तिवादाशी त्याचे नाते घट्ट दिसले. म्हणजे श्रीमंती या थकव्यातून सोडवीत नाही, सोबत सोडवते. परंतु यावरून एकत्र कुटुंबाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्या कुटुंबात सोबत होती, पण ती बायकांनी बायकांना दिलेली होती, आणि थोरल्या मुलीची शाळा त्या सोबतीखातर बुडत असे. जुने घर परत आणणे हे समाजवादी उत्तर होऊ शकत नाही.

आपल्या या भागाने वाटणीचा प्रश्न एकदा मोठ्या हिमतीने मांडलेला आहे. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांतील माणसे एकत्र आली. पाणी कमी आहे ही तक्रार करून ती थांबली नाहीत. आहे ते पाणी समन्यायाने वाटा, ही मागणी त्यांनी केली. टंचाई निसर्गाने दिली असे मानले की माणूस नवस बोलतो. वाटणीने झाली असे कळले की मोर्चा काढतो. घरातल्या वेळेच्या टंचाईकडे अजून नवसाच्याच वृत्तीने पाहिले जाते. ज्या कार्यकर्त्याने समन्यायी पाणीवाटपासाठी तुरुंग पाहिला, त्याच्याही घरी मुलांचा अभ्यास कोण घेते हे विचारण्यास हरकत नसावी.

हौसेने घरी शिकवणाऱ्या शहरी कुटुंबांविषयी आपल्या वर्तुळात एक तिरस्कार असतो: हे श्रीमंतांचे चोचले. तो सोडावा. सार्वजनिक शाळेचा त्याग करणे हा मार्ग चळवळीचा नव्हे, हे खरे. पण ज्या शाळेत मूल रोज अपमानित होते तिच्यातून त्याला काढणारा पालक शत्रू ठरत नाही. आणि वर्ष-दोन वर्षांत तोही त्याच रीतीने मेटाकुटीस येतो, कारण त्याच्याही घरात शिक्षक, स्वयंपाकीण, परीक्षक आणि शिपाई ही चारही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. अशा वेळी सावित्रीबाईंचा दाखला दिला जातो. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची ही लेक घरीच शिकली, हे बरोबर आहे. पण तिला शिकवले नवऱ्याने, त्यात मित्रांचेही साह्य झाले, आणि शिकून १८४८ साली ती घराबाहेर पडली ती इतरांच्या मुलींना शिकवण्यासाठी. शाळेचे दार बंद होते म्हणून घर शाळा झाले. दार उघडता येताच घरातली शाळा गावात आली. दाखला द्यावयाचा तर तो पुरा द्यावा.

मग आज, या आठवड्यात, जी बाई थकली आहे तिला काय सांगावे? एक साधे गणित सांगावे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तीस मुले असतील तर एका मुलाच्या वाट्याला शिक्षक मिनिटभर येतो. घरी एका मुलासमोर तासभर नीट बसले तर ते शाळेच्या कित्येक तासांबरोबरीचे होते. म्हणून अकरा ते पाच असे शाळेचे वेळापत्रक घरात उभे करणे हा निव्वळ अंधानुकरणाचा प्रकार आहे. तो आजच सोडावा. बाजारात हिशेब करणारे, गोठ्यात वासराचे वजन अजमावणारे, आजोबांकडून जुन्या मोजमापांची नावे ऐकणारे मूल त्या वेळी शिकतच असते, आणि तिथे आईची हजेरी लागत नाही. महिनाभर पाठ्यपुस्तक मिटून ठेवले तरी मुलाचे शिक्षण बुडत नाही. शाळाही मे महिन्यात तेच करते. ज्या घरी अपंग मूल आहे तिथे मात्र हे गणित अपुरे आहे. त्या आईला आठवड्यातला एक दिवस पुरता मोकळा मिळावा एवढी तजवीज दुसऱ्या माणसाने येऊन बसल्याखेरीज होत नाही, आणि तो दुसरा माणूस नातलगच असला पाहिजे असे नाही.

हा दुसरा माणूस गावात असतो. निवृत्त शिक्षक असतो, बारावीनंतर घरी बसलेला तरुण असतो, पदवी घेऊन सासरी आलेली आणि कुणी न विचारलेली सून असते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ नंतर या जिल्ह्यांत सायंकाळी भरत होत्या. खेळ आणि गाणी हा त्यांचा दृश्य भाग होता. पण गावातली पोरे दोन तास चांगल्या हाती आहेत, हा दिलासाही त्या शाखांनी घराघराला दिला. समाजमंदिरे आज बहुतेक गावांत आहेत आणि बहुतेक वेळ कुलूपबंद आहेत. तेथे रोज सात ते साडेआठ अभ्यासिका चालवणे यासाठी शासकीय मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. एक किल्ली, एक दिवा आणि पाळीने बसणारी सात माणसे पुरतात. सात दिवसांची सात नावे. घरातल्या पुरुषांनीही तीच पद्धत धरावी: आठवड्यातल्या तीन संध्याकाळी अभ्यास बापाचा. त्या दिवशी पुस्तक कुठे ठेवले आहे हे त्याने आईला विचारू नये.

शासनाकडे मागावयाचे ते वेगळे आणि ते मागितलेच पाहिजे. लोकांनी अभ्यासिका चालवली म्हणून शाळेतली रिक्त पदे रिक्त ठेवण्याचा परवाना शासनास मिळत नाही. वाडीवरची शाळा पटसंख्येच्या कारणाने उठणार असेल तर मुलांच्या वाहतुकीची व्यवस्था आधी दिसली पाहिजे, आदेश नंतर. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम शिक्षण हक्क कायद्याखालचाच आहे. घरी शिकणाऱ्या प्रत्येक अपंग मुलाच्या घरी विशेष शिक्षक महिन्यातून किती दिवस आला, याची नोंद पंचायत समितीच्या बैठकीत वाचली जावी. मदतनीस भत्ता कुणाला मिळाला आणि कुणाचा अर्ज पडून आहे, याची तालुकावार यादी कार्यकर्त्यांनी स्वतः घरोघर फिरून करावी. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांसमोर ती एकाच दिवशी ठेवता येईल.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती उरकली जाते. येत्या ग्रामसभेपूर्वी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी ती प्रत्यक्ष भरवावी, आणि तिच्या विषयपत्रिकेवर रस्ता, गटार, घरकुल यांच्याबरोबर आणखी एक विषय लिहावा: सायंकाळी सात ते साडेआठ मुलांजवळ कोण बसणार. त्याखाली सात रकाने आखावेत. पहिल्या दोन रकान्यांत सरपंचाचे आणि शाखेच्या चिटणिसाचे नाव असावे, आणि ज्या बाईच्या घरी अंथरुणाला खिळलेले मूल आहे तिला त्या सभेला यावयाचे असेल तर तेवढा वेळ तिच्या घरी कोण थांबणार, हे सभेची नोटीस काढण्यापूर्वीच ठरलेले असावे.